‘द सिक्स्टीन-मिलिमीटर श्राइन’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कोणत्या मालिकेतला भाग आहे?

‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वातला चौथा. २३ ऑक्टोबर १९५९ रोजी, शुक्रवारी रात्री, तो सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. कृष्णधवल, लांबी साधारण २५ मिनिटं. मालिका दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं आणि नवे नट घेऊन यायची. सगळ्या भागांना बांधणारा धागा एकच, मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग याचं निवेदन. पाच पर्वांत मिळून १५६ भाग झाले. त्यांतले ९२ एकट्या सर्लिंगने लिहिले, हा त्यांपैकीच एक.

गोष्ट काय आहे?

इथून पुढे सगळं शेवटासकट सांगितलं आहे. भाग पाहिला नसेल तर आधी पाहून या, अर्ध्या तासाचंही काम नाही.

बार्बरा जीन ट्रेंटन ही १९३०च्या दशकातली गाजलेली नायिका. आता तिच्याकडे काम नाही. बेव्हर्ली हिल्समधल्या बंगल्यात पडदे ओढून ती स्वतःचेच जुने चित्रपट पुन्हा पुन्हा बघत बसते. सोबतीला दारूचा ग्लास. तिचा एजंट डॅनी वाईस तिला त्या खोलीतून बाहेर काढायला धडपडतो. आधी तो तिला मार्टी सॉल नावाच्या स्टुडिओप्रमुखाकडे नेतो. तिथे देऊ केलेली भूमिका असते आईची, आणि तीही छोटी. बार्बरा संतापते. सॉल मग तिला तोंडावर सुनावतो, तुझा जमाना संपला. दोघांचं जुनं वैर आहे, त्यामुळे बोलण्यात धार जास्तच.

नंतर डॅनी तिच्या जुन्या नायकाला, जेरी हर्नडनला, भेटीला बोलावतो. बार्बरा नव्या नवरीच्या उत्साहाने तयार होते. दारातून आत येतो तो पांढऱ्या केसांकडे झुकलेला, सुपरमार्केटच्या धंद्यात रमलेला एक सुखवस्तू गृहस्थ. तिला ते सहनच होत नाही. त्याला घालवून देऊन ती पुन्हा प्रोजेक्टर सुरू करते, कारण खरा जेरी तिच्या लेखी पडद्यावरच आहे. तिथे शिरता आलं तर, अशी तिची इच्छा असते.

एके दिवशी मोलकरीण सॅली त्या खोलीत जाते. खोली रिकामी असते आणि पडद्यावर जे दिसतं ते बघून ती किंचाळते.

शेवटी नेमकं काय होतं? बार्बरा मरते का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भागात मृत्यू दाखवलेला नाही, सुचवलेलाही नाही. डॅनी धावत येतो, प्रोजेक्टर लावतो. पडद्यावर त्याच बंगल्याचा दिवाणखाना दिसतो. जुन्या काळातले तारे पार्टीला जमलेत आणि त्यांच्यात बार्बरा आहे, पूर्वीसारखीच झगमगती. डॅनी पडद्याकडे बघत तिला परत यायची विनवणी करतो. ती मागे वळते, आपला स्कार्फ कॅमेऱ्याच्या दिशेने फेकते आणि निघून जाते. रीळ संपतं. खाली दिवाणखान्यात डॅनीला तो स्कार्फ सापडतो. तो उचलून घेतो आणि इच्छांचं, त्यातही खऱ्या ठरणाऱ्या इच्छांचं, स्मरण करतो.

स्कार्फ हा पुरावा आहे. तो नसता तर सॅलीने आणि डॅनीने पाहिलं तो भास होता, बाई कुठेतरी निघून गेली असेल, असं म्हणायला वाव राहिला असता. सर्लिंगने तो वाव ठेवलेला नाही. बार्बरा चित्रपटात गेली. कशी गेली, हे सांगायची त्याला गरज वाटत नाही आणि माझ्या मते ते योग्यच आहे. यंत्रात बिघाड, जादूची बाटली, सैतानाशी करार असलं काहीही नाही. तिला फार हवं होतं, म्हणून झालं.

मग ही शिक्षा की बक्षीस?

या मालिकेत इच्छा पूर्ण होणं बहुतेक वेळा महागात पडतं. याच पर्वातल्या ‘एस्केप क्लॉज’ या भागात अमरत्व मागून घेणाऱ्या माणसाला शेवटी जन्मठेप होते. त्याच न्यायाने बार्बराच्याही वाट्याला काहीतरी भयंकर येईल, म्हणून आपण वाट बघतो. ते येत नाही. ती खूश आहे. पडद्यावर तिचे मित्र आहेत, प्रकाश आहे, आणि ती मागे वळून बघते तेव्हा तिच्या डोळ्यांत दुःख नाही.

म्हणूनच हा शेवट मला इतर अनेक ‘धक्कादायक’ शेवटांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. शिक्षा झाली असती तर आपण सुटलो असतो: भूतकाळात रमू नये, बघा तिचं काय झालं, असं म्हणून टीव्ही बंद करता आला असता. इथे तिला जे हवं ते मिळतं आणि मागे उरतो तिच्यावर माया करणारा डॅनी, रिकाम्या घरात. ज्या जगाने तिला आईची चार वाक्यं देऊ केली, ते जग सोडून गेल्याबद्दल तिला दोष द्यावा असं एकही कारण गोष्ट आपल्याला देत नाही.

बार्बरा वेडी झाली आहे असं समजायचं का?

तिची दारू, तिची अंधारी खोली, जेरीला ओळखायला तिने दिलेला नकार हे सगळं आजाराकडे बोट दाखवतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण तिला फक्त ‘भ्रमिष्ट बाई’ म्हणून गुंडाळून ठेवलं की सॉलच्या कचेरीतला प्रसंग वाया जातो. त्या प्रसंगात ती पूर्ण भानावर आहे. समोरचा माणूस आपला अपमान करतोय आणि तो त्याला अधिकार वाटतोय, हे तिला नीट कळतं. ती घरी येते ती त्या अपमानानंतर. खोलीचं दार आतून लावण्याआधी बाहेरची दारं बाहेरच्यांनी बंद केली होती.

जेरीशी तुलना करा. तोही तेव्हाचा तारा. त्याने चित्रपट सोडले, धंदा काढला आणि सुखात आहे. त्याच्या वयाचं कुणाला काही वाटत नाही, त्याला स्वतःलाही नाही. तिला मात्र दुसरं काही करता येईल, हे त्या गोष्टीतल्या कुणाच्याही मनात येत नाही. तिच्या भल्याचा विचार करणाऱ्या डॅनीच्याही नाही. तोही तिच्यासाठी भूमिकाच शोधत हिंडतो.

बार्बराचं वय किती? तिला ‘उतारवयातली’ का म्हणतात?

भूमिका करणारी आयडा लुपिनो ४ फेब्रुवारी १९१८ ला लंडनमध्ये जन्मली. म्हणजे प्रसारणाच्या वेळी ती ४१ वर्षांची होती. एकेचाळीस! आणि तिचा एकेकाळचा जोडीदार म्हणून जो प्रौढ जेरी दारात उभा राहतो, तो जेरोम कोवन १८९७चा, ६२ वर्षांचा. दोघांत २१ वर्षांचं अंतर, तरी गोष्टीत दोघं एका काळातले. पडद्यावरच्या तरुण जेरीचं काम दुसऱ्या नटाने केलं आहे, तरुण बार्बरा मात्र लुपिनोच आहे.

निर्मात्यांनी हे मुद्दाम काही सांगण्यासाठी केलं असं मी म्हणत नाही. तेव्हाच्या हॉलिवुडमध्ये नायक नायिकेपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा असणं कुणाला खटकत नसे. पण नकळत का होईना, पात्रनिवडीने गोष्टीतला अन्याय उघड केला आहे. पुरुषाला साठीत जे सुख मिळतं, बाईला चाळिशीत ते संपल्याचं सांगितलं जातं. काही प्रेक्षक तक्रार करतात की लुपिनो इतकी देखणी दिसते, तिला कोण ‘संपलेली’ म्हणेल? तक्रार रास्त आहे, फक्त ती सॉलकडे करायला हवी.

आयडा लुपिनो स्वतः तेव्हा विस्मृतीत गेली होती का?

मुळीच नाही. या भागाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच, म्हणून जरा सविस्तर.

लुपिनो नाटकवाल्या घराण्यातली. वडील स्टॅनली लुपिनो इंग्लंडच्या रंगभूमीवरचे लोकप्रिय विनोदी नट. १९३३ च्या सुमारास ती हॉलिवुडला आली. ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ (१९४०) आणि ‘हाय सिएरा’ (१९४१) या चित्रपटांनी तिला नाव मिळवून दिलं, ‘द हार्ड वे’साठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. वॉर्नर ब्रदर्सशी करार असताना ती नको त्या भूमिका नाकारायची आणि स्टुडिओ तिला बिनपगारी निलंबित करायचा. त्या रिकाम्या दिवसांत ती सेटवर जाऊन बघत बसायची: कॅमेरा कुठे ठेवतात, कापाकापी कशी होते.

पुढे तिने पती कॉलियर यंगसोबत स्वतंत्र निर्मितिसंस्था काढली. १९४९ मध्ये ‘नॉट वॉन्टेड’च्या चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि चित्रपट लुपिनोने पुरा केला, दिग्दर्शक म्हणून पडद्यावर स्वतःचं नाव न देता. मग ‘आउटरेज’ (१९५०), ‘द हिच-हायकर’ (१९५३), ‘द बिगॅमिस्ट’ (१९५३). कुमारी मातृत्व, बलात्कारानंतरचं एकाकीपण, दोन संसार करणारा माणूस: मोठे स्टुडिओ ज्यांच्या वाटेला जात नव्हते असे हे विषय होते, आणि बजेट तुटपुंजी. डोरोथी आर्झनरनंतर दिग्दर्शकांच्या अमेरिकी संघटनेत शिरणारी ती दुसरी स्त्री. सेटवरच्या तिच्या खुर्चीच्या पाठीवर, आपण सगळ्यांची आई आहोत अशा अर्थाची अक्षरं होती.

बार्बरा आईची भूमिका धुडकावते. लुपिनो त्याच सुमारास पुरुष तंत्रज्ञांच्या घोळक्यात उभी राहून ‘आई’ हे नाव अधिकारासारखं वापरत होती. १९५९ पर्यंत ती दूरचित्रवाणीवरची मागणी असलेली दिग्दर्शिका झाली होती, पाश्चिमात्य गोळीबारपटांपासून रहस्यकथांपर्यंत सगळं करणारी. बार्बराला जी वाट कुणी दाखवली नाही, ती हिने स्वतः खणून काढली. हे माहीत असेल तर तिचा अभिनय वेगळा दिसू लागतो. ती बार्बराची कीव करत नाही आणि तिची टिंगलही करत नाही. पडद्याकडे बघताना तिचा चेहरा जसा सैलावतो, ते बघा. दारूच्या नशेपेक्षा त्यात विसावा जास्त आहे.

हा ‘सनसेट बुलेव्हार्ड’वरून उचलला आहे का?

साम्य उघड आहे: विसरली गेलेली तारका, अंधारा बंगला, घरातला खासगी पडदा, स्वतःचेच चित्रपट. बिली वाइल्डरचा तो चित्रपट १९५०चा, तेव्हा सर्लिंगने तो मनात ठेवूनच लिहिलं असणार, असं कुणालाही वाटेल. शिवाय पडद्यामागची माणसं बघा. या भागाचं संगीत फ्रान्झ वॅक्समनचं, ज्याला ‘सनसेट बुलेव्हार्ड’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं होतं. दिग्दर्शक मिचेल लायझन. त्याच्यासाठी वाइल्डरने चार्ल्स ब्रॅकेटसोबत ‘मिडनाइट’ (१९३९) आणि ‘होल्ड बॅक द डॉन’ (१९४१) लिहिले होते. लायझन आपल्या संवादांना कात्री लावतो, याचा वाइल्डरला इतका राग होता की आपण दिग्दर्शक होण्यामागे तेही एक कारण असल्याचं तो सांगायचा. दुसऱ्या चित्रपटात नायकाने झुरळाशी बोलायचा एक प्रसंग होता. नायकाचं काम करणारा शार्ल ब्वाये झुरळाशी बोलायला तयार झाला नाही, लायझनने प्रसंग गाळला, आणि वाइल्डर ते कधीच विसरला नाही.

पण दोन्ही गोष्टींचा स्वभाव निराळा आहे. वाइल्डरची नॉर्मा डेझमंड दुसऱ्यांना आपल्यासोबत बुडवते. तिथे खून आहे, विकत घेतलेला प्रियकर आहे, हॉलिवुडबद्दलची जळजळीत कडवट नजर आहे. बार्बरा कुणाचंही वाटोळं करत नाही. नॉर्माला पुनरागमन हवं असतं, बार्बराला ते नकोच आहे. तिला परत यायचं नाही, तिला जायचं आहे.

दिग्दर्शक मिचेल लायझन कोण?

१९३०-४०च्या दशकांत पॅरामाउंटचा भरवशाचा दिग्दर्शक. कारकिर्दीची सुरुवात सेसिल बी. डमिल यांच्याकडे वेशभूषा आणि नेपथ्य करण्यापासून झाली. ती नजर इथे दिसते: बार्बराचे कपडे, जिना, दिवाणखान्याची मांडणी यांत जुन्या स्टुडिओ-काळाचा दिमाख आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यालाही चित्रपट मिळेनासे झाले आणि तो दूरचित्रवाणीकडे वळला. ‘ट्वायलाइट झोन’चे तीन भाग त्याने केले.

सोळा मिलिमीटरच का?

चित्रपटगृहात चालायची ती ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म. जुन्या काळात ती नायट्रेटची असे आणि नायट्रेट भडकन पेट घेतं, म्हणून तिच्यासाठी अग्निरोधक खोली लागायची. कोडॅकने १९२३ मध्ये घरगुती वापरासाठी १६ मिलिमीटरची फिल्म आणली, सहजी पेट न घेणाऱ्या ॲसिटेटवर. प्रोजेक्टर लहान, हाताळायला सोपा, विजेच्या साध्या जोडणीवर चालणारा. शाळा, सैन्याच्या छावण्या, नंतर दूरचित्रवाणी केंद्रं, सगळीकडे हीच रुंदी पोहोचली.

सोळा मिलिमीटरमध्ये एका फुटात ४० चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने ४०० फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं टिकतं. १६०० फुटांचं मोठं रीळ घेतलं तरी पाऊण तासाच्या आत ते संपतं, पट्टी सुटून फडफडते आणि समोर नुसता पांढरा प्रकाश उरतो. उठून दुसरं रीळ चढवावं लागतं. दिवसभर स्वतःला बघत बसणाऱ्या बाईला दिवसातून कितीदा तरी त्या कोऱ्या पडद्याला तोंड द्यावं लागत असणार. शेवटी डॅनीसमोर रीळ संपतं, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

ही गोष्ट १९५९ मध्येच का सुचावी?

कारण तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक घरात थोड्याफार प्रमाणात बार्बराची खोली तयार झाली होती. १९५५ नंतर मोठ्या स्टुडिओंनी आपले जुने चित्रपट दूरचित्रवाणीसाठी विकायला काढले. आधी आरकेओने, १९५६ मध्ये वॉर्नरने, १९५८ मध्ये पॅरामाउंटने. १९३५ सालचा चेहरा रात्री अकराला दिवाणखान्यात दिसू लागला, आणि तोच नट कधी त्याच आठवड्यात एखाद्या मालिकेत पाहुणा म्हणून, वीस-पंचवीस वर्षांनी थोराड झालेला. त्याआधी जुना चित्रपट एकदा चित्रपटगृहातून उतरला की प्रेक्षकाच्या आठवणीतच राहायचा. आता दोन्ही चेहरे शेजारी-शेजारी दिसायला लागले. ज्यांचे ते चेहरे होते, त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न या भागाने विचारला आहे. ज्या माध्यमाने तो विचारला, तेच त्या परिस्थितीला कारणीभूत होतं. आणि मालिकेचं चित्रीकरणही कल्व्हर सिटीतल्या एमजीएमच्या आवारात व्हायचं, जिथे एकेकाळी खऱ्याखुऱ्या बार्बरा घडल्या होत्या.

डॅनीचं काम करणारा नट ओळखीचा का वाटतो?

मार्टिन बाल्सम. पुढच्याच वर्षी हिचकॉकच्या ‘सायको’त जिन्यावर मारला जाणारा गुप्तहेर तो. ‘अ थाउजंड क्लाउन्स’साठी त्याला ऑस्करही मिळालं. इथे तो फार कमी करतो आणि फार नेमकं करतो. जेरी म्हणजे कोवन, ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये (१९४१) सुरुवातीलाच खून होणारा भागीदार.

समीक्षक या भागाला मालिकेतल्या उत्तम भागांत का धरत नाहीत?

मधला भाग रेंगाळतो, हे खरं. बार्बरा खोलीत, डॅनी दारात, पुन्हा खोलीत, असं थोडं गोल फिरणं होतं. शेवट कुठे जाणार हे जाणता प्रेक्षक दहाव्या मिनिटाला ओळखतो. सर्लिंगचे संवादही कधी कधी माणसाच्या तोंडी शोभण्यापेक्षा कागदावर जास्त शोभतात. शिवाय बरोबर एका आठवड्याने, ३० ऑक्टोबरला, ‘वॉकिंग डिस्टन्स’ प्रसारित झाला. गेलेल्या दिवसांकडे परतण्याचीच गोष्ट, पण लेखन त्याहून कितीतरी घट्ट. त्या शेजाराने या भागाचं नुकसान केलं. तरी जेरीच्या भेटीचा प्रसंग मी मालिकेतल्या चांगल्या प्रसंगांत निःशंक धरेन.

लुपिनो पुन्हा या मालिकेत आली का?

हो, कॅमेऱ्यामागे. २० मार्च १९६४ ला प्रसारित झालेला ‘द मास्क्स’ तिने दिग्दर्शित केला. मूळ मालिकेतला स्त्रीने दिग्दर्शित केलेला तो एकमेव भाग. एका भागात मुख्य भूमिका आणि दुसऱ्याचं दिग्दर्शन असं दोन्ही करणारीही ती एकटीच. न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्रा या मुखवट्यांच्या उत्सवाच्या रात्री एक मरणासन्न श्रीमंत म्हातारा आपल्या लोभी नातलगांना मध्यरात्रीपर्यंत कुरूप मुखवटे घालायला लावतो. मुखवटे उतरतात तेव्हा चेहरे तसेच झालेले असतात. हा भाग मात्र उत्तम भागांच्या बहुतेक याद्यांत वरच्या क्रमांकावर असतो.

पाहताना इंग्रजी कितपत अडतं?

संवाद स्वच्छ आणि संथ आहेत. सर्लिंगचं निवेदन अलंकारिक असतं, तिथे उपशीर्षकं लावून घ्या. एक लक्षात ठेवा: पहिल्या पर्वाचं शीर्षकसंगीत बर्नार्ड हर्मनचं आहे. सगळ्यांच्या ओळखीची ती चार सुरांची धून दुसऱ्या पर्वापासूनची, त्यामुळे आपण चुकीचा भाग लावला की काय असं वाटून घेऊ नका.

हा आवडला तर पुढे कोणते भाग पाहावेत?

आधी ‘वॉकिंग डिस्टन्स’. मग दुसऱ्या पर्वातला ‘द ट्रबल विथ टेम्पलटन’ (९ डिसेंबर १९६०): वयस्क रंगभूमी-नट आपल्या तरुणपणात पोहोचतो आणि तिथली माणसंच त्याला परत ढकलतात, बार्बराच्या बरोबर उलट. त्यानंतर ‘द मास्क्स’. आणि लुपिनोसाठी तिचा चित्रपट ‘द हिच-हायकर’, ७१ मिनिटांचा, मोटारीत बसलेली तीन माणसं आणि एक पिस्तूल.